गार पडलेले हातपाय

कपाशीच्या ओळींमध्ये उकिडवं बसून निंदण करणारी बाई पातीच्या टोकाला पोचते, गुडघ्यावर हात टेकवून उठते आणि क्षणभर तशीच थांबते. डोळ्यांपुढे अंधारी येते, कानांत घूं असा आवाज होतो, आणि लगेच सगळं जागेवर येतं. ती पुढची पात धरते. बदनापूर, भोकरदन, घनसावंगी, परतूर, जालना जिल्ह्यातला कुठलाही तालुका घ्या, पावसाळ्यात दर शिवारात हे दिवसभर चाललेलं असतं. कोणी विचारलंच तर ती म्हणेल, "जरा गरगरलं." त्या जराशा वेळात तिच्या शरीराने जे केलं, ते समजून घेणं हा या प्रकरणाचा विषय आहे.

उकिडवं बसलेल्या माणसाच्या मांड्या-पोटऱ्या दाबलेल्या असतात आणि पायांतलं रक्त हृदयाकडे ढकललेलं असतं. उभं राहताच अर्धा ते पाऊण लिटर रक्त खाली उतरतं आणि पायांच्या व पोटाच्या सैल शिरांमध्ये साठतं. हृदयाकडे परत येणारं रक्त तेवढ्यापुरतं कमी होतं. हृदय जे मिळेल तेच पुढे ढकलू शकतं, म्हणून पुढच्या काही ठोक्यांत धमन्यांमधला दाब घसरतो. उभ्या माणसाचा मेंदू हृदयापासून साधारण तीस सेंटिमीटर वर असतो, आणि तेवढ्या चढामुळेच तिथला दाब हृदयाजवळच्या दाबापेक्षा पाऱ्याच्या मापात वीस-बावीस मिलिमीटर कमी असतो. त्यात ही घसरण. मेंदूचा रक्तपुरवठा पूर्ण थांबला तर सहा ते आठ सेकंदांत शुद्ध हरपते. म्हणजे दुरुस्तीसाठी शरीराच्या हाती मिनिटं नाहीत, मोजके ठोके आहेत.

कंठमण्याच्या वरच्या कडेच्या पातळीवर, गळ्याच्या बाजूला बोट ठेवलं की ठळक नाडी लागते. तिथे मानेतली मोठी धमनी दोन फाट्यांत विभागते: एक मेंदूकडे जाते, दुसरी चेहऱ्याकडे. मेंदूकडे जाणाऱ्या फाट्याच्या सुरुवातीला भिंत किंचित फुगीर आणि पातळ असते, आणि त्या भिंतीत मज्जातंतूंची बारीक टोकं पसरलेली असतात. छातीत महाधमनीच्या कमानीवरही अशीच टोकं आहेत. दाब वाढला की भिंत ताणली जाते, आणि ताण वाढला की ही टोकं मेंदूच्या देठाकडे जास्त वेगाने संदेश पाठवतात. दाब कमी झाला की संदेश विरळ होतात. पेशीच्या पापुद्र्यातली कोणती दारं या ताणाने उघडतात, हे बराच काळ कोडं होतं. पिएझो-1 आणि पिएझो-2 या प्रथिनांची ही कामगिरी 2018 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून स्पष्ट झाली. ही प्रथिनं शोधणाऱ्या आर्डेम पटापुटियन यांना 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं.

या यंत्रणेची रचना मला फार सुंदर वाटते, ती एका कारणासाठी. गळ्यातून येणारे संदेश मेंदूला "आवर" असं सांगत असतात. हृदयाला वेग देणारे आणि रक्तवाहिन्या आवळणारे सिंपथेटिक मज्जातंतू या संदेशांमुळे दबून राहतात. हृदयाला संथ करणारी व्हेगस ही चेता मात्र त्यांच्यामुळे जोरात काम करते. दाब घसरला की हे "आवर" सांगणंच कमी होतं. व्हेगसची पकड सुटते आणि पुढचाच ठोका लवकर पडतो. सिंपथेटिक मज्जातंतू मोकळे होतात आणि दोन-तीन सेकंदांत हातापायांच्या, आतड्यांच्या, कातडीच्या बारीक धमन्या आवळू लागतात. शिराही आवळतात, साठलेलं रक्त हृदयाकडे सरकतं. म्हणजे धोक्याची खबर म्हणून वेगळा काही आवाज उठत नाही. नेहमीचा आवाज बंद पडतो आणि त्या शांततेवरून शरीर हालचाल करतं. निरोगी माणसात उभं राहिल्यावर सुमारे दहा सेकंदांनी दाब सर्वांत खाली जातो आणि अर्ध्या मिनिटात सावरलेला असतो. निंदणाऱ्या बाईला आलेली अंधारी ही त्या दहा सेकंदांची.

बारीक धमन्या आवळल्याने दाब का वाढतो, हे मोसंबीच्या बागेत ठिबक बसवलेल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. विहिरीवरची मोटर तीच, पाणी तेच, पण सगळ्या क्यारीचे कॉक एकदम उघडले की शेवटच्या झाडाशी थेंब पडत नाही. काही कॉक बंद केले की उरलेल्या नळ्यांमध्ये दाब येतो. हृदय दर मिनिटाला सुमारे पाच लिटर रक्त ढकलतं, आणि ते कुठे किती जावं हे बारीक धमन्यांच्या भिंतीतले स्नायू ठरवतात. दाब हा या दोन्हींचा गुणाकार आहे: हृदय किती ढकलतं आणि वाट किती अरुंद आहे. अडचणीच्या वेळी शरीर कातडी आणि पोट यांचा पुरवठा कमी करून मेंदू आणि हृदय यांचा राखतं. म्हणून घाबरलेल्या, रक्त गेलेल्या किंवा चक्कर येत असलेल्या माणसाचे हात गार लागतात. ही खूण लक्षात ठेवावी. पुढे ती एका मोठ्या गोष्टीत येणार आहे.

हा दाब मोजायला माणसाने फार धडपड केली. 1733 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकाने घोडीच्या धमनीत पितळी नळी घालून तिला काचेची उंच नळी जोडली. रक्त आठ फुटांहून अधिक वर चढलं आणि प्रत्येक ठोक्याबरोबर वरखाली होत राहिलं. दंडावर पट्टा बांधून दाब मोजण्याची युक्ती इटलीच्या रिवा-रोच्चींनी 1896 मध्ये काढली, आणि स्टेथोस्कोपने आवाज ऐकण्याची पद्धत रशियाच्या कोरोटकोव्हनी 1905 मध्ये. गळ्यातल्या त्या फुगीर जागेचं काम 1920 च्या दशकात जर्मन शरीरशास्त्रज्ञ हेरिंग यांनी दाखवून दिलं. तिथल्याच संवेदनांचा श्वासाशी असलेला संबंध उलगडणाऱ्या बेल्जियमच्या कॉर्नेल हेमान्स यांना 1938 चं नोबेल मिळालं.

पण ही यंत्रणा नक्की काय सांभाळते, याचं सर्वांत बोलकं उत्तर अमेरिकेत मिसिसिपीला आर्थर गायटन यांच्या प्रयोगशाळेतून 1973 मध्ये आलं. काउली, लिआर्ड आणि गायटन यांनी कुत्र्यांमधल्या या ताण-संवेदकांचे मज्जातंतू कापले आणि चोवीस तास दाब नोंदवला. पुष्कळांची अपेक्षा होती की दाब कायमचा चढेल. तसं झालं नाही. दिवसभराची सरासरी जवळपास पूर्वीइतकीच राहिली, पण दाब सैरावैरा झाला: खाताना, उठताना, दचकताना कधी खूप वर, कधी खूप खाली. यावरून दिसलं की दाब कोणत्या पातळीवर राहायचा हे दीर्घकाळात मुख्यतः मूत्रपिंडं ठरवतात, पाणी आणि मीठ किती ठेवायचं त्यावरून. गळ्यातली यंत्रणा त्या पातळीभोवतीचे हिंदकळे आवरते.

याचाच एक परिणाम आपल्या घराघरांत दिसतो. दाब सतत चढलेला राहिला तर एक-दोन दिवसांतच हे संवेदक नव्या पातळीला सरावतात आणि तिलाच नेहमीची मानू लागतात. मग 170 चा दाब असलेल्या माणसालाही काहीच जाणवत नाही. "मला काही त्रास नाही, गोळी कशाला?" हे वाक्य उपकेंद्रातल्या परिचारिकेला किती वेळा ऐकावं लागतं, ते त्यांनाच विचारावं. त्रास नसणं खरं असतं, आणि म्हणूनच ते फसवं असतं. दाब मोजूनच कळतो.

गळ्यातल्या संवेदकांशिवाय आणखीही पहारे आहेत. दाब 80 च्या खाली जाऊ लागला की रक्तातला प्राणवायू मोजणारे संवेदक मदतीला येतात. त्याहून खाली, 60 च्याही खाली गेला की मेंदूचा देठ स्वतःच उपाशी पडतो आणि सगळ्या सिंपथेटिक तंतूंना एकदम जागं करतो. हा शेवटचा उपाय. अधिवृक्क ग्रंथीतून अॅड्रेनलिन सुटतं, त्याचा अंमल मिनिटभरात येतो. मूत्रपिंडातून रेनिन सुटून अँजिओटेन्सिन तयार होतं, त्याला पूर्ण जोर यायला वीसेक मिनिटं लागतात. सेकंद, मिनिटं, मग तास, असे एकामागे एक पहारे उभे आहेत, आणि पहिला इतका चपळ आहे म्हणून बाकीच्यांवर सहसा वेळ येत नाही.

मे महिन्यातलं जालना या पहिल्या पहाऱ्याची परीक्षा घेतं. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत शरीराला उष्णता बाहेर टाकायची असते, आणि त्यासाठी कातडीच्या रक्तवाहिन्या रुंद कराव्या लागतात. दाब राखण्यासाठी त्याच आवळायला हव्यात. दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध जातात, आणि त्यात घामावाटे पाणी-मीठ गेलेलं असतं. औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलमध्ये तापलेल्या लोखंडाजवळ उभा राहणारा कामगार, लग्नाच्या मांडवात अक्षतांची वाट पाहत ताटकळणारा पाहुणा, दोघांनाही भोवळ येण्याचं कारण एकच. स्थिर उभं राहिल्याने पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत नाहीत. निश्चल उभ्या माणसाच्या पावलातल्या शिरांमध्ये दाब 90 पर्यंत चढतो, आणि चार पावलं चालली की तो 25 च्या आसपास येतो. उभं राहावंच लागणार असेल तर टाचा उचलत राहाव्यात, पाय एकमेकांवर आवळून उभं राहावं. भोवळ येऊन पडलेल्या माणसाला आपल्याकडे चार जण मिळून उठवून बसवतात, खुर्ची आणतात. हे करू नये. आडवं पडणं हाच शरीराचा उपाय होता. त्याला तसंच आडवं ठेवावं आणि पाय थोडे उंच करावेत.

म्हाताऱ्या माणसांत हा पहारा मंदावतो. धमन्यांच्या भिंती ताठ झाल्याने ताण नीट कळत नाही, हृदय पूर्वीइतक्या लवकर वेग घेत नाही. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा दाब 20 किंवा खालचा 10 ने घसरला तर त्याला डॉक्टर दोष मानतात. मधुमेह जुना असेल तर मज्जातंतूच झिजलेले असतात. रात्री लघवीला उठणारे आजोबा अंगणात पडले, खुब्याचं हाड मोडलं, ही बातमी आपण "पाय घसरला" म्हणून ऐकतो. पुष्कळदा पायाआधी दाब घसरलेला असतो. घरात अशा वयाचं माणूस असेल तर बसलेल्या स्थितीतला दाब पुरेसा नाही. उभं करून, एका आणि तीन मिनिटांनी, पुन्हा मोजायला सांगावं. हे मोजायला वेगळं यंत्र लागत नाही, फक्त चार मिनिटं लागतात, आणि ती दिली जात नाहीत याचं मला वाईट वाटतं.

आता हीच यंत्रणा एका कीटकवजा प्राण्याच्या विषाने कशी उलटते, आणि ते कोणी ओळखलं, ते पाहू. या भागात विंचू नवा नाही. गोदावरीकाठच्या पैठणला एकनाथांनी विंचवाचं भारूड रचलं, ते आजही गावोगावी गायलं जातं. त्यातला विंचू कामक्रोधाचा आहे, पण अंगाला घाम सुटणं, जीव व्याकूळ होणं ही लक्षणं खऱ्या दंशाची आहेत. ज्याने विंचू चावलेला माणूस जवळून पाहिला त्यालाच ती सुचतात. गावातल्या लोकांना हेही ठाऊक असतं की मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर असली तरी तिने माणूस सहसा दगावत नाही. घातक तो लहान, तांबूस विंचू. तो दगडाखाली, विटांच्या ढिगात, गोवऱ्यांमध्ये, पालापाचोळ्यात असतो, कधी चपलेतही. शास्त्रीय नाव हॉटेंटोटा टॅम्युलस. जुन्या लेखनात मेसोब्युथस टॅम्युलस.

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात देहेड नावाचं गाव आहे. तिथे 1951 मध्ये एका गरीब शेतकरी घरात हिंमतराव बावस्कर यांचा जन्म झाला. शिक्षणासाठी त्यांनी काय सोसलं ते त्यांच्या 'बॅरिस्टरचं कार्टं' या आत्मकथनात आहे. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचावं. नागपूरला वैद्यकीय शिक्षण घेऊन ते 1976 मध्ये कोकणात, महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणात लाल विंचू फार. चावलेली माणसं, त्यांत पुष्कळ लहान मुलं, केंद्रात यायची आणि काही तासांत डोळ्यांदेखत जायची. मृत्यूचं कारण काय, हे पुस्तकात धड लिहिलेलं नव्हतं. उपचारांत अॅट्रोपिन, स्टेरॉइड, झोपेच्या औषधांची मिश्रणं असं जे हाताशी असेल ते दिलं जायचं.

बावस्करांनी केलं ते असं की ते रोग्याजवळ बसून राहिले. नाडी, दाब, श्वास, कातडीचा स्पर्श, तासातासाने टिपत गेले. त्यातून एक क्रम दिसू लागला. आधी उलट्या, लाळ, अंग भिजवणारा घाम, मुलग्यांमध्ये लिंगाची ताठरता, कधी नाडी मंद. ही व्हेगस आणि तिच्या जातीच्या मज्जातंतूंची लक्षणं. ती लवकर ओसरतात. मग हातपाय बर्फासारखे गार, नाडी वेगवान, दाब खूप चढलेला. काही तासांनी खोकला, श्वासाची धाप, तोंडावाटे गुलाबी फेस: फुप्फुसांत पाणी भरलेलं. शेवटी दाब कोसळतो. ही हृदयाची पूर्वलक्षणं त्यांनी 1982 मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश नियतकालिकात मांडली. त्यांच्या नोंदींत आणखी एक गोष्ट होती. दंशाच्या जागी माणूस वेदनेने तळमळत असेल आणि बाकी काही नसेल, तर तो बहुधा वाचतो. ज्याला फारसं दुखत नाही पण घाम सुटलाय आणि हातपाय गार पडलेत, त्याच्यावर डोळा ठेवावा.

हे असं का होतं, ते आता तुम्हीच सांगू शकाल. लाल विंचवाचं विष मज्जातंतूंच्या पापुद्र्यातली सोडियमची दारं बंद होऊ देत नाही. एकदा उठलेला संदेश थांबत नाही, तंतूची टोकं रसायनं ओतत राहतात. सिंपथेटिक टोकांतून नॉरअॅड्रेनलिन आणि अधिवृक्क ग्रंथीतून अॅड्रेनलिन यांचा लोंढा रक्तात येतो. बारीक धमन्या जेवढ्या आवळता येतील तेवढ्या आवळल्या जातात. दाब चढतो. गळ्यातले संवेदक आपलं काम चोख करतात, "आवर" म्हणून ओरडतात, मेंदूचा देठही ऐकतो. पण तिथून निघालेला हुकूम ज्या टोकांनी पाळायचा, ती टोकं विषाच्या ताब्यात गेलेली असतात. मेंदू गप्प बसला तरी ती ओततच राहतात. पहारा जागा आहे आणि हतबल आहे.

हृदयापुढे आता दोन संकटं. आवळलेल्या वाटेविरुद्ध त्याला दुप्पट जोराने ढकलायचं आहे, आणि अॅड्रेनलिनचा मारा त्याच्या स्नायूवरही होतो आहे. डावा कप्पा रिकामा होईनासा होतो, रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं, तिथल्या केशवाहिन्यांतून पाणी श्वासाच्या पिशव्यांत झिरपतं. फुप्फुसांत अशी तुंब आली की धाप का लागते, याच्या उत्तरातही एका भारतीयाचा वाटा आहे. केशवाहिन्यांशेजारचे जे संवेदक या तुंबीने चेततात आणि श्वास उथळ, जलद करतात, ते अवतारसिंग पेंटल यांनी 1950 च्या दशकात शोधले.

असं पाहिलं की उपचार कुठे शोधायचा ते दिसतं. दाब राखणं हे आवळण्याचं एरवीचं हिताचं काम, तेच इथे मारत आहे; म्हणून वाट मोकळी करायला हवी. बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरून पाहिलं. ते शिरेतून थेंबाथेंबाने द्यावं लागतं, दाब सतत मोजत बसावं लागतं, आणि ग्रामीण केंद्रात ते चोवीस तास जमणं कठीण. मग त्यांची नजर प्राझोसिनवर गेली. ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. नॉरअॅड्रेनलिन रक्तवाहिनीच्या स्नायूवर ज्या जागी बसून आवळण्याचा हुकूम देतं, त्या अल्फा-1 जागा ती अडवते. लोंढा चालू राहतो, पण त्याचा हुकूम चालत नाही. वाट मोकळी होते, हृदयाचा भार उतरतो, फुप्फुसांतलं पाणी ओसरतं. डॉ. बावस्कर आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी यांनी 1986 मध्ये हा उपचार 'लॅन्सेट'मध्ये मांडला. गोळी दर तीन तासांनी द्यायची, हातपाय कोरडे आणि उबदार होईपर्यंत. उपचार पुरेसा झाला हे कशावरून ओळखायचं, तर तळहाताच्या स्पर्शावरून. कुठल्याही गावात, वीज नसतानाही ते कळतं. अॅट्रोपिन उलट हृदयाचा वेग वाढवून भर घालतं, म्हणून ते टाळायचं.

गंभीर दंशातलं मरणाचं प्रमाण पूर्वी चाळीस टक्क्यांपर्यंत सांगितलं जायचं. प्राझोसिन वेळेवर मिळू लागल्यावर ते एक टक्क्याच्या आसपास आलं. 2022 मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रात संशोधन म्हटलं की मोठी इमारत आणि परदेशी यंत्र डोळ्यांपुढे येतं, तेव्हा बिरवाडीच्या त्या केंद्राची आठवण ठेवावी असं मला वाटतं. तिथे होतं ते दाब मोजण्याचं यंत्र, स्टेथोस्कोप, वही आणि रोग्याला सोडून न जाणारा डॉक्टर.

प्राझोसिनची एक अट मात्र आपल्याला पुन्हा निंदणाऱ्या बाईच्या प्रश्नाकडे आणते. अल्फा-1 जागा अडवल्या की उभं राहिल्यावर धमन्या-शिरा आवळण्याचा मार्गही बंद होतो. गळ्यातले संवेदक हाक मारतात, मेंदू हुकूम सोडतो, आणि रक्तवाहिन्या तशाच सैल राहतात. पहिल्या गोळीनंतर हे सर्वांत जास्त जाणवतं. म्हणून गोळी दिल्यानंतर रोग्याला उठवून बसवायचं नाही, आईने मुलाला खांद्यावर उभं उचलून घ्यायचं नाही. आडवंच ठेवायचं, आणि पाणी कमी पडलं असेल तर ते भरून काढायचं, कारण उलट्या आणि घामाने ते खूप गेलेलं असतं. ज्यांच्या प्रोस्टेट ग्रंथीसाठी टॅम्सुलोसिनसारखी गोळी चालू आहे त्या आजोबांनीही हे ऐकून ठेवावं: तीही याच घराण्यातली. रात्री उठायचं तर आधी खाटेच्या कडेला मिनिटभर बसायचं, पाय हलवायचे, मग उभं राहायचं.

विषावरचा उतारा म्हणजे प्रतिविष, तो मुंबईच्या हाफकिनने तयार केला. तो आणि प्राझोसिन एकत्र दिले तर काय फरक पडतो, हे बावस्करांनी महाडला 70 रोग्यांवर तपासलं. निष्कर्ष 2011 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आले. फक्त प्राझोसिन मिळालेल्या 35 जणांपैकी 8 जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. दोन्ही मिळालेल्या 35 पैकी 32. प्रतिविष मोकळ्या विषाला गाठून लोंढ्याचा उगम बंद करतं, प्राझोसिन तोवर झालेला आवळ सोडवतं, आणि दोन्ही मिळून रोगी निम्म्याहून कमी वेळात घरी जाण्याजोगा होतो. पण विष एकदा तंतूंच्या दारांना चिकटलं की प्रतिविषाचा उपयोग घटतो. म्हणून दंशानंतरचे पहिले तास मोलाचे, आणि तेच पुष्कळदा उतरवणाऱ्याकडे, मंत्र घालणाऱ्याकडे खर्च होतात. ज्यांना विष थोडंच लागलं होतं ते मंत्राने बरे झाल्यासारखे वाटतात आणि पुढच्या मुलाला तिकडेच नेलं जातं.

पावसाळा सुरू होण्याआधी आपल्या गावाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन दोन गोष्टी विचाराव्यात: प्राझोसिनच्या गोळ्या आहेत का, आणि विंचवाचं प्रतिविष आहे का. आणि दंश झालेल्या माणसाला गाडीत घालताना त्याला मागच्या सीटवर आडवं झोपवावं, वाटेत दर थोड्या वेळाने त्याचे हातपाय चाचपावेत. गार आणि ओले लागले तर तसं डॉक्टरांना दारातच सांगावं.